नूरजहां भाभीची रवण

यंदाच्या वैशाखात आख्ख्या सोनाळ्यात कूलर असून घामानं भिजणारं एकच घर होतं, अन् ते माहं. कूलर बिघडला नव्हता. लाईट होती, टाकीत पाणीही होतं. पण माह्या बायकोनं, कोकिळानं, तो उचलून ओसरीवर नेऊन ठेवला, त्याच्यावर पापडाची परात पालथी घातली अन् सांगतलं, "ज्याले कूलर लागते त्यानं त्याच्यापाशीच जेवाले बसा. मी काही वाढणार नाही."

कायच्यापायी? तं मासोळीच्या एका खोक्यापायी.

खोका थर्माकोलचा. बाजारातल्या मासोळीवाल्याकडून कोकिळानं मागून आणला, धुतला, उन्हात वाळवला, तरी त्याचा वास काही गेला नाही. त्यात एक बल्ब, एक बोटभर पंखा, गरमी जास्त झाली की बल्ब बंद करणारी एक डबी, अन् झाकणाले भोक पाडून बसवलेली काच. आतल्या हवेत ओल किती हे दाखवणारं एक काट्याचं घड्याळ. बचत गटाच्या बायाईसंग जाऊन हे सारं ती शिकून आली. अंडे उबवाची मशीन म्हणे. माही माय जनकाबाई तिले मशीन म्हणतच नाही. "कोकिळाची खुडूक" म्हणते. खुडूक म्हणजे अंड्यावर बसाले आलेली कोंबडी.

होळीच्या सुमारास तिनं पहिली रवण लावली, म्हणजे उबवाले अंडे बसवले. आमच्याच कोंबड्यांचे अंडे होते. पिल्लं निघाचा दिवस जवळ आला तशी गल्लीत बोंब झाली की सहदेवच्या घरी खोका कोंबडी झाला. मंग काय, बाळंतिणीले पाहाले येतात तशा बाया आल्या. एक गेली की दुसरी. त्या दिवसात आत वाफ धरलेली राहते, काच भरून जाते, भाईरून काहीच दिसत नाही. तं बाई म्हणे, "काही दिसून नाही राह्यलं वं, जरासं उघड नं." अन् दारी आलेल्या माणसाले तसंच कसं धाडाव? कधी मायनं झाकण उचललं, कधी मी, कधी खुद्द कोकिळानं. चहा पाजला, पिल्लू कुठं टोचून राह्यलं ते दाखवलं. माणुसकी आमची मोठी.

एकही पिल्लू निघालं नाही.

चार दिवस वाट पाहून कोकिळानं अंगणात बसून एक एक अंडं फोडलं. आत पिल्लू पुरं झालेलं. नखं होती, चोच होती, चोचीनं टरफलाले बारीक तडाही देल्ला होता. पण आतली पातळ साल त्याच्या अंगाले चिकटून वाळून गेली होती, तांदळाच्या पापडावानी कडक. जितक्या बारीनं झाकण उघडलं तितक्या बारीनं आतली वाफ गेली अन् पिल्लू आतल्या आत आवळलं. कोकिळा राखेच्या ढिगापाशी बसून हमसून हमसून रडली. मी म्हटलं, "जाऊ दे नं, कोंबडीचंच पिल्लू होतं." तं तिनं माह्याकडे असं पाह्यलं, की मी बैलाईले पाणी पाजाले चालता झालो.

तिनं खोका माळ्यावर टाकून देल्ला. आणखी एखादवेळेस तो तठीच राह्यला असता, पण चैतात मानमोडी आली.

कोंबड्याईचा हा रोग ज्यानं पाह्यला त्याले सांगा लागत नाही. सकाळून कोंबडी मान वाकडी करते, संध्याकाळून पाय वर. आमच्या गेल्या, शेजारच्या गेल्या, गल्लीत पहाटे आरवणारा एक कोंबडा राह्यला नाही. पण सगळ्यात जास्त वाईट नूरजहां भाभीचं झालं. आमच्या घरापासून तिसरं घर तिचं. तिच्या कोंबड्या बाकीच्यावानी नव्हत्या. काळ्या कुळकुळीत, अन् पायावर नखापर्यंत पिसं. देऊळघाट तिचं माहेर. लग्नात तिच्या मायनं पाठवणीच्या गाडीत तिच्या मांडीवर टोपलं ठेवलं होतं, त्यात एक कोंबडी अन् एक कोंबडा. तेव्हापासून तोच वाण तिनं चालवला. माय मरून गेली, माहेरचं घर भावाईनं विकलं, पण कोंबड्या अंगणात होत्या. कोणी कितीही मागितली तरी तिनं आजवर एक पिल्लू गावात देल्लं नव्हतं.

एक दिवस सकाळून ती कोंड्यानं भरलेलं टोपलं घेऊन आमच्या ओसरीवर येऊन बसली. डोये सुजेल.

"कोकिळा, एक बी नाही राह्यली वं," ती म्हणे. "मरायच्या आधी घातलेले हे अकरा अंडे हायेत. सारं गाव फिरली. एका घरी खुडूक कोंबडी नाही. तुही मशीन काढ."

कोकिळा बसल्या बसल्या मांगं सरली. "भाभी, नोको. तुम्हाले माहीत नाही का? माह्या हातानं सारे मेले. आपल्या घरचे होते म्हणून चाललं. हे मी घेणार नाही."

"मंग काय करू? आमलेट करू?"

"तसं नाही म्हणत मी..."

"ठेवले तं आठ दिवसात सडतीन. तुह्या हातानं झाले तं झाले, नाही तं कोणाच्याच हातानं होत नाही." असं म्हणून भाभीनं टोपलं तिच्या मांडीवर ठेवलं अन् उठली. जाताना दारातून म्हणे, "मी पाहाले येणार नाही. मले सहन होत नाही. निघाले तं हाक मार, नाही निघाले तं नोको मारू."

कोकिळा टोपलं धरून लय वेळ बसून राह्यली. मंग मले म्हणे, "माळ्यावरून खोका काढा."

आता आमचं घर कसं, तं भाईरची खोली टिनाची अन् आतली मातीच्या भिंतीची. टिनाखाली वैशाखात भाकर ठेवली तं आपोआप शेकून निघते, तठी खोका ठेवला तं बल्ब बंद असूनही अंडे उकडून जातीन. म्हणून खोका मातीच्या खोलीत. अन् दुपारून आम्ही सारे कुठं पडतो? मातीच्या खोलीत, कूलरपुढे. सुरुवातीले कोणाच्याच डोक्यात काही आलं नाही. खोका कोपऱ्यात, कूलर खिडकीत, मी मधात घोरत पडेल.

आठवडाभरानं कोकिळानं खोलीत अंधार केला अन् मोबाईलची बॅटरी अंड्याखाली धरून एक एक पाह्यलं. आत लाल शिरा दिसत होत्या, मधात काळा ठिपका हलत होता. मी खुश झालो. तिचं तोंड मात्र उतरलं.

"पाहा," ती म्हणे, "अंड्याच्या जाड्या टोकाले हवेची पोकळी राहते. ती आजपर्यंत इतकी वाढाले पाहिजे होती." तिनं पेन्सिलनं टरफलावर गोल काढून दाखवला. "अन् आहे इतकीशी. अंडं सुकूनच नाही राह्यलं."

"अवं, मांगच्या बारीले सुकून मेले नं?"

"मांगच्या बारीले शेवटी सुकले. आता आधी ओले राहून मरतीन. पिल्लू पहिला दम त्या पोकळीत घेते. पोकळी लहान राह्यली तं ते आतल्या पाण्यातच बुडते. आधी थोडं सुकलं पाहिजे अन् शेवटी ओलं पाहिजे, समजलं?"

मले अर्धंच समजलं. तिनं खिडकीतल्या कूलरकडे पाह्यलं, तेव्हा पुरं समजलं. कूलर चालू झाला की खोलीत ओल भरे अन् खोक्यातला काटा वर चढे. लाईट गेली की कूलर बंद, काटा भसकन खाली. खोका बॅटरीवर चाले, पण कूलर थोडीच चालते. तं निघाला कूलर ओसरीवर.

मंग सुरू झाले आमचे हाल. सकाळून मी वावरात धसकटं वेचाले जाओ, उन्हं डोक्यावर आली की घरी येओ, अन् घरात काय, तं भट्टी. पाठीवर घामोळ्या उठल्या. मी खाट निंबाखाली टाकली तं जाणारा येणारा विचारे, "काय गा सहदेव, कोंबडीनं घराभाईर काढलं काय?" दुसरा म्हणे, "कोंबडी नाही बे, खोक्यानं." हसा लेको, हसा. मी चादर तोंडावर घेऊन पडून राहो. मायनं गोणपाट ओलं करून अंगावर घेतलं तं कोकिळानं तिलेही खोलीतून काढलं. ओलं गोणपाट आत चालत नाही म्हणे. माय दिवसभर तोंडाचा पट्टा सोडून होती.

कूलर निघाला अन् दुसरीच पंचाईत झाली. सोनाळ्याची वैशाखातली हवा ती, ओठ फुटतात माणसाचे. काटा इतका खाली गेला की कोकिळा घाबरली. तिनं आत पेलाभर पाणी ठेवलं. काटा हलला नाही. पेला मोठा केला. तरी नाही. ओसरीवरून मायचा आवाज आला, "अवं, तांब्यातलं पाणी कधी आटते काय? परातीतलं दुपारून आटते. पसरट काही ठेव नं."

कोकिळानं माह्याकडे पाह्यलं, मी तिच्याकडे. इतकी साधी गोष्ट. तिनं पेला काढून बशी ठेवली अन् काटा चढाले लागला. मंग तिले नाद लागला. बशीवर एक पत्र्याचं झाकण, ते जरासं सरकवलं की काटा थोडा वर, झाकलं की थोडा खाली. भाकर टाकता टाकता उठे, काटा पाहे, झाकण बोटभर सरकवे, पुन्हा तव्यापाशी. दोनदा भाकर जळाली. मी तशीच खाल्ली. दिवसातून चार बारीनं अंडे फिरवणं, हात धुणं, पुन्हा काटा. दर काही दिवसानं पोकळी पाहून टरफलावर नवा गोल काढे. हळूहळू पोकळी पेन्सिलच्या गोलाले येऊन भिडली. त्या दिवशी तिनं आपण होऊन शिरा केला. करता करता गुणगुणत होती. तिले तसं पाहून मले घामोळ्या बी बऱ्या वाटाले लागल्या.

एक करा लागलं, ते मी केलं. शेवटच्या तीन दिवसात झाकण उघडाचं नाही, पण पाणी तं टाका लागते. मी ठिबकची उरलेली बारीक नळी आणली, खोक्याले सुईनं भोक पाडून आत घातली, नळीचं तोंड बरोबर बशीवर. भाईरून पिचकारीनं पाणी सोडाचं. कोकिळा म्हणे, "डोकं आहे तं तुम्हाले." लग्नाले इतके वर्ष झाले, हे तिनं पहिल्यांदा कबूल केलं.

शेवटचे दिवस लागले. तिनं बशी काढून मोठी ताटली ठेवली, वरचं पत्र्याचं झाकण फेकून देल्लं, खोका बंद केला अन् चारही कोपऱ्याले चिकटपट्टी लावली. काटा वर चढला. काच भरून आली, थेंब खाली ओघळले. कोकिळा खुश. "काच अशी रडलीच पाहिजे," म्हणे.

गल्लीतल्या बाया आल्याच. कोकिळानं एकीलेही दारातून आत घेतलं नाही. "पिल्लं पाहाची तं सोमवारी या, आज चहा पाहिजे तं ओसरीवर बसा." दोघी-तिघी फणकारून गेल्या. एक तं म्हणे, "सोन्याचे अंडे देल्ले काय भाभीनं?" कोकिळा म्हणे, "हाव, तसंच समज." मी आपला खाली मान घालून दोरी वळत बसलो.

अन् ऐन निघाच्या दिवशी आमचे इवाई आले.

रंगराव, म्हणजे आमच्या पोरीचे, प्रतीक्षाचे सासरे, नांदुऱ्याचे. गावात कोणाच्या घरी साखरपुडा होता, तठून वाट वाकडी करून आमच्या घरी. पांढरं धोतर, कडक टोपी. माणूस वाईट नाही, पण मान पाहिजे. पाणी झालं, चहा झाला. मंग म्हणे, "सुनबाई सांगत होती, तुम्ही मशीन केली म्हणून. दाखवा तं खरी."

मी त्यायले आत नेलं. ते वाकून काचेतून पाहाले लागले. काच तं रडून राह्यली. "काहीच दिसत नाही हो सहदेवराव. उघडा जरासं."

कोकिळा दारात उभी. "इवाई, आज उघडता येत नाही."

"एक मिनिट हो."

"एक मिनिटानंच मांगच्या बारीले सारे मेले. तुमच्या पाया पडते. जेवाले थांबा, पुरण करते, पण झाकण नाही उघडणार."

रंगरावाईचं तोंड पाहण्यासारखं झालं. पोरीच्या सासऱ्याले नाही म्हणाची छाती आमच्या खानदानात कोणाची झाली नव्हती. उद्या नांदुऱ्यात पोरीले टोमणे कोण ऐकन? मी म्हटलं, "अवं, इवाई काही रोज येतात काय?" अन् चिकटपट्टीले नख घातलं.

तिनं माह्या हातावर चापट मारली. फाडकन. इवायासमोर.

माहे कान तापले. मले तिचा असा राग आला होता की काय सांगू. तिचे डोये भरून आले होते, पण ती खोक्यापासून हलली नाही. "माहे अंडे नाहीत हे," ती म्हणे. "माहे असते तं उघडले असते."

तेवढ्यात माय काठी टेकत आत आली. तिनं काही पाह्यलं नसल्यासारखं केलं. "इवाई," म्हणे, "डोयाईनं काय पाहता? कान लावा नं. काच झाकली आहे, आवाज थोडीच झाकला."

रंगरावाईनं टोपी काढून माह्या हाती देल्ली, धोतर सावरून खाली बसले अन् थर्माकोलले कान लावला. आधी कपाळाले आठ्या होत्या. मंग एक एक आठी गेली.

"हाव हो," ते हळूच म्हणे. "बोलून राह्यले. अंड्यातूनच बोलून राह्यले." मंग जरा वेळानं, "टक टक करून राह्यलं एक जण. ऐका, ऐका."

मी ऐकलं. चिव चिव नव्हतं ते, त्याच्याहून बारीक. माहा राग कुठच्या कुठं गेला. इवाई नांदुऱ्याच्या गाडीले जाणार होते, ते गेलेच नाहीत. दिवसभर खोक्यापाशी बसून होते, घामानं सदरा पाठीले चिकटला तरी. कोणी मोठ्यानं बोललं तं तेच हात वर करून गप करत. एकदा मी खोलीत खोकललो तं मलेच झापलं. पुरणपोळी त्यायनं खोक्यापाशीच खाल्ली.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आतला गलका वाढला. काच आता थोडी निवळली होती. काळं काळं काहीतरी हलताना दिसे. कोकिळानं वाट पाहून पाहून, पिल्लाईचं अंग वाळल्यावरच पट्टी काढली. सात पिल्लं होती. चार अंडे तसेच राह्यले. एक पिल्लू सगळ्यात मांगून आलं होतं, ते कोपऱ्यात मान टाकून बसलं होतं, पण जिवंत होतं. सारी काळी भोर, अन् बारीक बारीक पायावर, नखापर्यंत, मऊ पिसं.

कोकिळानं ओसरीवरून हाक मारली, "भाभी!" एकदाच मारली. तिसऱ्या घरातून नूरजहां भाभी हातातलं पीठ तसंच घेऊन पळत आली.

ती खाली बसली. एक पिल्लू तळहातावर घेतलं, त्याचा पाय बोटानं सरळ करून पाह्यला. "या अल्ला," म्हणे, "तसाच पाय. अगदी तसाच." अन् पिठाचा हात डोयाले लावून रडाले लागली. मंग रडता रडता हसाले लागली. इवाई भिंतीकडे तोंड करून टोपी झटकत होते, धूळ नसताना.

रडणं हसणं झालं, अन् वाट्याचं भांडण सुरू झालं. आमच्याकडे रीत अशी, की तुमचे अंडे दुसऱ्याच्या कोंबडीखाली बसवले तं अर्धी पिल्लं कोंबडीवालीची. भाभी म्हणे, अर्धी तुही. कोकिळा म्हणे, एकही नोको, मशीनले कायचा वाटा, ती काय कोंबडी आहे?

"मशीन बसली काय रवणीवर?" माय म्हणे. "जेवण टाकून, झोप टाकून, नवऱ्याले घराभाईर काढून कोण बसलं? तूच बसली. खुडूक तूच होती. वाटा खुडकीचा. अन् वरचं सातवं बी खुडकीचंच, तशी रीत आहे."

इवाई असे हसले की त्यायले ठसका लागला. कोकिळाचं तोंड लाल झालं. "आत्याबाई, काही बी काय बोलता इवायासमोर! भाभी, तुमच्या मायचा वाण हा. मी नाही घेत. गावात तुम्ही कोणाले देत नाही, माहीत आहे मले."

भाभीनं डोये पुसले. "नव्हती देत," ती म्हणे. "मायची चीज म्हणून छातीशी धरून ठेवली. सारी माह्याच अंगणात होती, म्हणून एका रोगात सारी गेली. कोणाच्या घरी एक जोडी देल्ली असती तं मी टोपलं घेऊन गावभर फिरली असती काय? आता माह्या घरी रोग आला तं तुह्या घरची राहतीन. तुह्या घरी आला तं माह्या. नाही म्हणू नोको कोकिळा. हे मी तुह्यासाठी नाही करत, माह्या मायसाठी करते."

कोकिळानं पदर पसरला. भाभीनं त्यात एक एक करून चार पिल्लं ठेवली, मान टाकेल होतं ते सगळ्यात आधी, अन् तीन टोपल्यात घेऊन आपल्या घरी गेली.